मदत हवी आहे: ‘पोर्सलीन’ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. मी जर्मनीत ड्रेस्डेनला राहते. इथल्या झ्विंगर राजवाड्यात सॅक्सनीचा शासक आणि पोलंडचा राजा ऑगस्टस याने जमवलेला पोर्सलीनचा संग्रह आहे आणि त्याला हातभार लावणाऱ्या मित्रमंडळाची मी यंदा सभासद झाले. आता इथल्या मराठी कुटुंबांना मी संग्रह दाखवणार आहे, मराठीतूनच. मुलंही असतील.

अडलंय ते शब्दांवर. ‘चिनी माती’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लोणच्याची बरणी येते. पण ती बहुतेक वेळा जाड, अपारदर्शक स्टोनवेअरची. पोर्सलीन पांढरंशुभ्र, पातळ असेल तर उजेड आरपार दिसतो. हा फरक इथे टाळताच येत नाही, कारण ऑगस्टसच्या पदरी असलेल्या बॉटगर या किमयागाराने आधी लाल स्टोनवेअर बनवलं, मग पांढरं पोर्सलीन साधलं आणि 1710 मध्ये इथून जवळच्या माइसेनचा पोर्सलीन कारखाना उभा राहिला. दोन्हींना चिनी मातीच म्हटलं तर गोष्टच संपली! शिवाय ज्या मातीपासून ते बनतं, त्या केओलिनलाही आपण चिनी मातीच म्हणतो.

ग्लेझसाठी, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत थरासाठी, ‘झिलई’ चालेल ना? आणि भाजण्याआधी झिलईखाली काढलेल्या निळ्या नक्षीला कुंभारकामात काही शब्द आहे का? इथले मोठे निळे-पांढरे चिनी कलश मला फार प्रिय आहेत. 1717 मध्ये ऑगस्टसने 600 सैनिक प्रशियाच्या राजाला देऊन 151 नग घेतले, त्यांतले हे. माणसांच्या बदल्यात भांडी, हे मुलांना कसं सांगावं तेही सुचवा.

कुणी सिरॅमिकमध्ये काम करत असेल तर कारखान्यात, भट्टीवर खरोखर बोलले जाणारे शब्दच कळवा.