एफ-वन शिखर, आणि बाकी सगळ्या टेकड्या?

घाटवेडा:
काल ग्रुपवर एका महाशयांनी टाकलं, "एफ-वन हेच मोटरस्पोर्टचं शिखर, तिथे न टिकलेले लोक रॅली नि ल मान्सला जातात". डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय, लांबेल, आधीच सांगतो. गाडी म्हणून एफ-वन सगळ्यात वर, त्यात वादच नाही. पण ड्रायव्हर म्हणून? रायकोनेन 2007 चा वर्ल्ड चॅम्पियन, 2010 आणि 2011 डब्ल्यूआरसीत, म्हणजे रॅलीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये, सिट्रोएन घेऊन पळाला, बेस्ट रिझल्ट काय तर तुर्कीत पाचवा. पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांत, एकदाही नाही. आणि उलट बघा, लोब हा रॅलीचा माणूस, 2006 ला ल मान्सच्या 24 तासांच्या रेसला दुसरा आला, 2008 ला बार्सिलोनात रेड बुलच्या एफ-वन गाडीत टेस्टला बसवला तर त्या दिवसाचा आठव्या नंबरचा टाइम काढला. सर्किटवर तेच वळण पन्नास-साठ वेळा येतं, आत्ता चुकलं तर पुढच्या लॅपला सुधारा. रॅलीत रेकीला तो रस्ता दोनदा बघायचा, तोही साध्या स्पीडने, आणि मग एकदाच, फुल. आधीच्या गाडीने वळणात दगड ओढून ठेवला असेल तर ते तुमचं नशीब. मोनॅकोला 2024 मध्ये पहिले 10 जण ज्या नंबरने सुटले त्याच नंबरने पोचले, 78 लॅप मारून! त्याला रेस म्हणायचं की वरात?

पिटवॉल_पुणे:
ते महाशय मीच, नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. रायकोनेनला पहिल्या वर्षी ज्युनियर टीमची गाडी होती हे सोयीस्कर विसरलात. आता तुमचं शिखर बघू. ऑजिये 2025 चं रॅलीचं टायटल काही रॅली न खेळताच घेऊन गेला, म्हणजे पार्टटाइम करूनही वर्ल्ड चॅम्पियन होता येतं. टोयोटा, ह्युंदाई आणि कशीबशी फोर्ड, संपली स्पर्धा. तुमचा रोव्हानपेरा, 22 व्या वर्षी चॅम्पियन, दोन टायटलं, 25 व्या वर्षी रॅलीला रामराम ठोकून सर्किटकडे निघाला. शिखरावरून खाली कोण उतरतं हो? आणि हुल्केनबर्ग, एफ-वनमध्ये पहिल्या पोडियमसाठी 2025 उजाडलं, पण ल मान्सला 2015 मध्ये पहिल्यांदा गेला तो थेट जिंकूनच आला. एवढ्यावरून कळत नसेल तर काय बोलायचं.

घाटवेडा:
ल मान्सला गाडी तिघांची असते साहेब. हुल्केनबर्गच्या गाडीतले बाकी दोघं, बॅम्बर आणि टँडी, काय डिकीत बसले होते?

दोनचाकी_दादा:
तुम्ही दोघं सीटबेल्ट लावून भांडताय. मोटोजीपीचा, म्हणजे बाइक रेसिंगचा, लोरेन्झो, आसेनची रेस, 2013. गुरुवारी कॉलरबोन मोडलं, विमानाने बार्सिलोना, ऑपरेशन, परत, शनिवारी रेसला उभा आणि पाचवा आला. बिंदरने मुजेलोच्या ट्रॅकवर ताशी 366 किमीचा स्पीड काढलाय, दोन चाकांवर. पण आपल्याकडे कोणाला पडलीय? चाकणला बनलेली ड्यूक घेऊन कॉलेजसमोर रेस करतील, मोटोजीपीत केटीएमवर कोण बसतं विचारलं की तोंडाकडे बघतात. ती केटीएम बुडत होती तेव्हा पैसे आकुर्डीच्या बजाजकडून गेले, ह्याचं तरी कौतुक असावं की नाही.

पिटवॉल_पुणे:
दादा, तुमचा वेगळा धागा काढा ना. आणि घाटवेडा, रॅलीत निम्मं काम शेजारी बसलेला नॅव्हिगेटर करतो. तो रस्त्याच्या नोट्स वाचतो, हा वळवतो. गूगल मॅपवाली बाई पण तेच करते.

जिप्सी_नाशिक:
इतका वेळ गप्प होतो. गूगल मॅपवाली बाई गाडी उलटली की डोकं फोडून घेत नाही, हा एक छोटासा फरक. मी नाशिकच्या बाजूला मित्राच्या जिप्सीत नॅव्हिगेटर म्हणून बसलोय. लोकल इव्हेंट, मोठं काही नाही. तीनेक किलोमीटर झाले नि इंटरकॉम मेला. हेल्मेटमध्ये नुसतं इंजिन आणि खालून खडीचा मारा, बोंबललो तरी त्याला ऐकू जाईना. मग वही डाव्या हाताने मांडीवर दाबली, पान अंगठ्याने, आणि उजवा हात त्याच्या नजरेच्या कडेला धरला. बोटं म्हणजे वळण किती कडक त्याचा आकडा, हात कलला तिकडचं वळण. एका चढावर नोट होती "क्रेस्ट, सरळ, फुल". समोर फक्त आभाळ. तळहात सपाट पुढे केला, आणि ह्याने गॅस सोडला नाही. पलीकडे रस्ता आहे ह्याचा पुरावा म्हणजे आदल्या दिवशी पेन्सिलने मारलेली एक ओळ. ते काम तुमच्या बाईला सांगा.

पिटवॉल_पुणे:
किस्सा भारी, पण किश्शाने काय सिद्ध होतं? लोबने 2022 ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकली तेव्हा त्याचा नेहमीचा नॅव्हिगेटर एलेना नव्हता, शेजारी गणिताच्या शिक्षिका होत्या. म्हणजे कोणीही बसलं तरी चालतं.

जिप्सी_नाशिक:
त्या शिक्षिका, गाल्मीश बाई, शाळा सांभाळून वर्षानुवर्षं रॅलीत बसत आल्यात, शाळेतून उचलून थेट मॉन्टेत नाही बसवलं. 47 वर्षांचा लोब आणि एक मास्तरीण मिळून ऑजियेला हरवतात, आणि तुम्हाला त्यात "कोणीही" दिसतं? तुमच्या हिरोंना तर टायर कधी वाचवायचा, गॅस कुठे सोडायचा हेही रेडिओवर सांगावं लागतं, आणि सांगणारा खुर्चीत बसलेला असतो.

पिटवॉल_पुणे:
ऑजियेचं टायर शेवटून दुसऱ्या स्टेजला फुटलं म्हणून हरला तो. बरं, नॅव्हिगेटर लोकांना साष्टांग दंडवत, झालं समाधान? एफ-वनच्या सुपर लायसन्सला 40 पॉइंट लागतात, जगभरची पोरं चार-पाच वर्षांची असताना कार्टिंगला बसतात आणि सीटा मोजून वीस-बावीस. ह्या चाळणीतून जे येतं ते शिखर. आणि रोव्हानपेराचं उत्तर अजून आलेलं नाही.

घाटवेडा:
घ्या उत्तर. सगळं जिंकून झालं की माणसाला दुसरं काहीतरी करावंसं वाटतं. तुमच्या रोसबर्गने 2016 चं टायटल मिळाल्यावर 5 दिवसांत रिटायरमेंट जाहीर केली. मग एफ-वनच्या वर काय होतं, घर?

पिटवॉल_पुणे:
रोसबर्ग टीममेट हॅमिल्टनला घाबरून पळाला, त्याचं उदाहरण देऊ नका.

दोनचाकी_दादा:
घाबरून? त्या सीझनला 9 रेस जिंकलाय तो.

पिटवॉल_पुणे:
आणि हॅमिल्टन 10. मलेशियात पुढे असताना इंजिन फुटलं नसतं तर आज रोसबर्गचं नाव तरी घेतलं असतंत का?