खात्यात उसने पैसे दाखवून व्हिसा काढावा का? माझं ठाम मत : काढू नये

पूर्वभागातली

परवा इथे सोलापुरात आमच्या गल्लीतल्या एका काकूंना तोच सल्ला मिळाला, जो गेल्या वर्षी आम्हाला मिळाला होता. "खात्यात चार लाख दिसले पाहिजेत. नसतील तर महिनाभर कुणाचे तरी फिरवून घ्या, व्हिसा लागला की परत करा." त्या सल्ल्याने आमचं काय झालं ते सांगते.

भाऊ जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीला आहे. वहिनीला दिवस गेलेले, आई-बाबांना बाळंतपणाला जायचं होतं. बाबांनी चाळीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणले, आईने घरी बसून विड्या वळल्या. बाबांना पीएफची थोडीशी पेन्शन येते. खात्यात एकसष्ट हजार होते. ज्या व्हिसा एजंटांकडे काम दिलं होतं त्यांनी पासबुक बघून नुसती मान हलवली. मग मामाकडून दोन लाख आणि मावशीच्या यजमानांकडून दीड लाख आणून एकाच आठवड्यात भरले.

ते पासबुक अजून माझ्या कपाटात आहे. पान उघडलं की वरून खाली ओळीने दिसतं : पेन्शन जमा, लाइट बिल, पाचशे काढले, हजार काढले, पुन्हा पेन्शन. आणि तळाला दोन लाख, त्याखाली दीड लाख. माझ्या सातवीच्या वर्गातल्या पोराला दाखवलं तरी तो विचारेल, "बाई, हे पैसे कुठून आले?"

नकार आला. छापील फॉर्मवर दोन चौकटींत खुणा होत्या. मुक्कामाचा हेतू आणि परिस्थिती याबद्दल दिलेली माहिती भरवशाची वाटत नाही, ही एक. मुदत संपण्याआधी परत जाल याबद्दल रास्त शंका आहे, ही दुसरी. माणशी ९० युरो फी गेली, वर अर्ज घेणाऱ्या केंद्राचं शुल्क. फी परत मिळत नाही. जर्मन वकिलातीकडे फेरविचाराचा साधा अर्ज करता यायचा, ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. आता एक तर बर्लिनच्या कोर्टात जा, नाही तर नव्याने अर्ज करा. नातवाचं बारसं आईने मोबाईलवर बघितलं. इकडे पलंगावर बसून ती पाळणा म्हणत होती आणि तिकडे आवाज तुटत होता.

दुसऱ्या वेळी आम्ही काहीच फुगवलं नाही. भावाने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन फेरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग करून घेतलं. म्हणजे यजमानाचं अधिकृत हमीपत्र : यांचा राहण्याचा, खाण्याचा, आजारपणाचा खर्च माझ्यावर. २९ युरो लागले, पगाराच्या चिठ्ठ्या आणि घराचा करार दाखवावा लागला. मूळ प्रत कुरिअरने आली. इकडून बाबांच्या पेन्शनचा कागद, महापालिकेच्या घरपट्टीची पावती आणि मी लिहिलेलं एक पानी पत्र जोडलं. पत्रात स्पष्ट लिहिलं की आधीचे साडेतीन लाख नातेवाइकांचे होते, ते परत केले आहेत, आई-बाबांची स्वतःची शिल्लक एवढीच आहे. व्हिसा मिळाला. ते गेले तेव्हा नातू चार महिन्यांचा झाला होता.

म्हणून सांगते, उसने पैसे दाखवू नका.

नवीपेठवाला

ताई, तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही एका अनुभवावरून सगळ्यांना नियम घालून देताय, ते मला पटत नाही. मी चौदा वर्षं लोकांचे व्हिसाचे अर्ज भरून देण्याचंच काम करतो.

पहिली गोष्ट, उसने पैसे घेणं गुन्हा नाही. मामाने भाचीच्या घरी पैसे दिले, यात खोटं काय? खात्यात पैसे खरे आहेत, बँकेचा शिक्का खरा आहे. खोटं स्टेटमेंट छापणारे वेगळे, त्यांना मीही दारात उभं करत नाही. दुसरी गोष्ट, तुमचं चुकलं ते घाईत. पैसा खात्यात मुरू द्यायचा असतो. पाच-सहा महिने आधी भरा, त्यातून थोडे काढा, थोडे घाला. माझ्याकडची कितीतरी कामं अशीच झाली आहेत.

आणि तिसरी, सगळ्यात मोठी. तुमचा भाऊ तिथे होता म्हणून हमीपत्र आलं. ज्याचं तिथे कुणी नाही, ज्याला आयुष्यात एकदा पॅरिस बघायचंय, त्या विडी कामगाराच्या पोराने काय करायचं? त्याला तुम्ही "खरं सांग आणि घरी बस" असंच म्हणताय ना?

उसाचं बिल (मोहोळ)

नवीपेठवाले भाऊ, तुमच्या या मुरवण्याचा त्रास आम्हा शेतकऱ्यांना होतो, म्हणून लिहितोय.

आमच्या खात्यात वर्षातून एकदा-दोनदाच पैसा येतो. कारखान्याचं बिल जमा झालं की एकदम लाखात आकडा दिसतो, मग सोसायटीचं कर्ज, खत, मजुरी, आणि दिवाळीपर्यंत खडखडाट. माझी मुलगी नेदरलँड्सला शिकते. आम्हा दोघांचा पहिला अर्ज गेला तेव्हा मुलाखतीच्या खिडकीवरच मला विचारलं, हे सहा लाख अचानक कुठून आले? माझ्या घामाचा पैसा, आणि मी खाली मान घालून उत्तर देत होतो. कारण माझ्या आधी शंभर जणांनी उसने भरून तसंच पान दाखवलेलं असतं.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी आम्ही काय केलं ते लिहितो. सात-बारा आणि आठ-अ, दोन्हींचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून. कारखान्याच्या बिलाच्या पावत्या, टनासकट, तीन हंगामांच्या. बँकेत ज्या तारखेला ते बिल जमा झालं ती ओळ पिवळ्या पेनने रंगवली आणि शेजारी पावतीचा नंबर लिहिला. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी विवरणपत्र भरून त्यात ते दाखवता येतं, मी आता दरवर्षी भरतो. लई जण म्हणतात "टॅक्स नाही तर कशाला भरायचं?" अहो, अशा वेळी तोच कागद बोलतो.

सात रस्ता

मला दोन्ही बाजूंचं वाचून एकच प्रश्न पडतो. मुळात हा हिशेब आपण का द्यायचा? २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या २९ देशांच्या सामायिक व्हिसासाठी, ११ लाखांहून जास्त अर्ज गेले आणि त्यातले दीड लाखांहून जास्त नाकारले गेले. प्रत्येकाची फी मात्र जमा. युरोपातला माणूस भारतात यायचं तर घरी बसून ई-व्हिसा भरतो. आमच्या म्हाताऱ्या आईला मात्र पुण्याला जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात.

याच सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, तिथल्या जखमींची सेवा करता करता १९४२ मध्ये तिथेच वारले. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. त्या गावच्या माणसाला "तू परत जाशील कशावरून?" असं विचारतात, याची मला चीड येते. ज्या व्यवस्थेने आधीच आपल्याला खोटं धरलंय, तिच्यापुढे चार पैसे फुगवून दाखवले तर मला त्यात पाप दिसत नाही.

पूर्वभागातली

सात रस्ता, चीड मलाही येते. पुण्यातला तो दिवस सांगते.

सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने गेलो. केंद्रात आईची पाळी आली. काचेवर बोटं ठेवली, ठसे उमटेनात. तीस-पस्तीस वर्षं तेंदूच्या पानावर दोरा गुंडाळून तिच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या दोन बोटांच्या रेषाच झिजल्या आहेत. तिथल्या मुलीने ओल्या कागदाने बोटं पुसली, पुन्हा ठेवली, मग हाताने दाबून धरली. पाचव्या वेळी काही बोटं आली. आई सारखं म्हणत होती, "माझं काय चुकलं का गं?" बोटांचे ठसे शारीरिक कारणाने उमटतच नसतील तर नियमात सूट आहे. पण त्या वेळी मला ते माहीत नव्हतं, तिला तर नाहीच.

तो अपमान मी विसरलेले नाही. तरीही तुमचा निष्कर्ष मला मान्य नाही, कारण व्यवस्थेला धडा शिकवायला आपण खोटं दाखवतो आणि भोगायला लागतं ते त्या आईला. शेंगेनच्या अर्जाच्या शेवटी सही असते : दिलेली माहिती खरी आणि पूर्ण आहे, खोटी निघाली तर व्हिसा नाकारला किंवा रद्द केला जाईल. ती सही एजंट करत नाही, ती आईने केली, तेलुगू वळणाच्या मराठी अक्षरांत. नकाराची नोंद त्यांच्या सामायिक यंत्रणेत पाच वर्षं राहते आणि २९ देशांना दिसते. जर्मनीने नाकारलं म्हणून इटलीकडून काढू, असं होत नाही. ब्रिटनच्या अर्जात फसवणूक धरली गेली तर दहा वर्षं दार बंद, कॅनडात पाच वर्षं, अमेरिकेत तर कायमचं.

आणि नवीपेठवाले दादा, मामाने पैसे दिले हे खोटं नाही, बरोबर. मग अर्जात "मामाने दिले" असं लिहायला का सांगत नाही? "स्वतःची बचत" म्हणूनच दाखवायला सांगता ना?

जुळे सोलापूरची सून

मी नवीपेठवाल्यांच्या बाजूने लिहायला आले होते, कारण आम्ही सासूबाईंसाठी तसंच केलं आणि व्हिसा लागला. पण पुढचं सांगितलं नाही तर मीही अर्धं खरं बोलल्यासारखं होईल.

व्हिसा लागला म्हणजे आत सोडतीलच असं नसतं. विमानतळावरचा अधिकारी पुन्हा सगळं विचारू शकतो : कुणाकडे राहणार, पैसे किती, परतीचं तिकीट कुठाय, विमा दाखवा. फ्रँकफर्टला त्याने सासूबाईंना बाजूला घेतलं. अर्जात आम्ही हॉटेल लिहिलं होतं, राहणार होत्या नणंदेकडे. बँकेत साडेचार लाख दाखवलेले, प्रत्यक्षात पैसे परत करून टाकले होते. त्यांना हिंदीही नीट येत नाही. नणंद बाहेर दोन तास उभी. शेवटी सोडलं, पण घरी पोचल्यावर त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. परत आल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "मला आधी सांगायचं होतंस, काय लिहिलंय ते."

तरी मी असं म्हणणार नाही की करूच नका. आम्ही केलं नसतं तर त्या गेल्याच नसत्या, असं मला आजही वाटतं.

नवीपेठवाला

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. "मामाने दिले" असं लिहायला मी सांगत नाही, कारण लोक तयार होत नाहीत. "भिकारी वाटू" म्हणतात. यापुढे मी सांगून बघेन, पण लोक ऐकतील असा शब्द देत नाही.

पण पॅरिसवाल्या पोराचं तुम्ही उत्तर दिलंच नाही.

पूर्वभागातली

देते. त्याने आधी त्याला झेपेल तिथे जावं. नेपाळला व्हिसाच लागत नाही, मतदार ओळखपत्रावर जाता येतं. भूतानला प्रवेश परवाना काढायचा आणि प्रत्येक रात्रीचे १२०० रुपये सरकारला भरायचे. असा थोडा प्रवास झाला आणि पगार खात्यात यायला लागला की मग पॅरिस. पंधरा दिवसांच्या ऐवजी सहा दिवसांचा बेत करावा, कारण अधिकारी एकूण रक्कम बघतो तसंच ती किती दिवसांसाठी आहे तेही बघतो. नोकरीतली रजा मंजूर झाल्याचं पत्र जोडावं. विमानाचं पक्कं तिकीट आधी काढू नये, आरक्षण चालतं. विमा मात्र किमान ३०,००० युरोचा हवाच.

आणि खरंच पैसे नसतील तर हो, मी त्याला थांब म्हणेन. हे ऐकायला कडू आहे, मला माहीत आहे. आमच्या गल्लीत किती पोरं नुसतं यूट्यूबवर आयफेल टॉवर बघतात. पण त्याच्या बापाच्या मित्राने व्याजाने दिलेले तीन लाख दाखवून नकार आला, तर फी गेली, व्याज गेलं, आणि पाच वर्षं तो डाग राहिला.

सात रस्ता

व्याजाने पैसे दाखवायला देतात हे मला माहीत नव्हतं. सोलापुरात?

उसाचं बिल (मोहोळ)

देतात की. महिन्याला टक्क्यावर. ज्याचा व्हिसा नाकारला जातो त्यालाही तेवढंच व्याज.

सात रस्ता

तर मग माझ्या वरच्या मतातलं शेवटचं वाक्य मी मागे घेतो. चीड मागे घेत नाही.

अक्कलकोट रोड

विषय थोडा वेगळा, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. माझ्या आईच्या पासपोर्टवर लग्नाआधीचं आडनाव आहे, आधारवर लग्नानंतरचं आणि बँकेत नुसतं नाव आणि वडिलांचं नाव. बहिणीकडे मिलानला जायचंय. पासपोर्टची मुदत पुढच्या नोव्हेंबरपर्यंत. उसने पैसे दाखवणार नाही, वाचून ठरवलं.

पूर्वभागातली

आधी नावं एक करा, अर्ज त्यानंतर. आपल्या भागात हे घरोघरी आहे. विवाह नोंदणीचा दाखला महापालिकेतून काढा, त्यावर आधी आणि नंतरचं दोन्ही नाव येईल असं बघा. त्या दाखल्यावर बँकेतलं नाव बदलून मिळतं. पासपोर्ट नव्याने काढणार असाल तर त्यातही आताचंच नाव घाला, म्हणजे तिन्ही कागद जुळतील. शेंगेनसाठी परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने पासपोर्ट चालू लागतो, दोन पानं कोरी लागतात आणि तो दहा वर्षांच्या आतला असावा लागतो. उन्हाळ्यात जाणार असाल तर आताचा चालेल, पण नाव बदलायचंच आहे तर नवीनच काढा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निकालाला साधारण पंधरा दिवस, कधी पंचेचाळीसही लागतात.

आई काय काम करायच्या?

अक्कलकोट रोड

गारमेंटमध्ये काजं-बटणं. का?

पूर्वभागातली

पुण्याला जायच्या आधी आठ दिवस रोज रात्री बोटांना खोबरेल तेल लावायला सांगा. आणि खिडकीवर जाताना तुम्ही सोबत आत जाता येतं का ते आधीच विचारून ठेवा.