मदत हवी आहे: इव्होल्यूशन 3 मध्ये पिल्लांची संख्या आवरता येईल का?

'जुरासिक वर्ल्ड इव्होल्यूशन 3' हा डायनासोर पार्क उभारण्या-चालवण्याचा व्हिडिओ गेम 21 ऑक्टोबर 2025 ला आला. नर-मादी, घरटी, पिल्लं हे सगळं त्यात आहे आणि ते मनापासून हवंच होतं. धास्ती वेगळीच आहे: पिल्लं वाढतच गेली तर? दुसऱ्या भागात हॅचरीतून (अंडी उबवण्याच्या केंद्रातून) थेट प्रौढ प्राणी सुटायचा, त्यामुळे कुंपणाआत किती डोकी हे आपल्या हातात असायचं. डोकी वाढली की जागा-चारा अपुरा पडतो, कम्फर्टचा (प्राणी किती समाधानी आहे ते दाखवणारा) पट्टा घसरतो आणि ट्रायसेराटॉप्स कुंपणाला धडका द्यायला लागतो.

ट्रेलर आणि अधिकृत माहिती बघून झाली आहे. पीसीवर खेळणार, मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल) नकोत, सँडबॉक्सही (बंधनं नसलेला मोकळा खेळ) नको. कुणी खेळून पाहिला असेल तर सांगा: घरटं काढून टाकलं की प्रजनन थांबतं, की नर-मादी वेगळ्या कुंपणात ठेवावे लागतात?