काचबिंदूचं ऑपरेशन: जनुक गप्प करणाऱ्या इंजेक्शनसाठी थांबावं का?

विट्याची_लेक:
आई ६८ वर्षांची, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. डाव्या डोळ्याचं ट्रॅब (डोळ्यातलं पाणी बाहेर जायला नवी वाट करणारं ऑपरेशन) झालं होतं, पण आत व्रण धरला, पाण्याची वाट बुजली आणि डोळ्यातला दाब परत २६ वर गेला. आता उजव्या डोळ्याची पाळी. तीन औषधांचे थेंब चालू असून दाब २४. भावाने वाचलंय की व्रण धरवणारं जनुकच गप्प करणारं इंजेक्शन येतंय. म्हणतो, वर्षभर थांबू. आईचं वेगळंच, "ज्यानं दिसतंय त्याच डोळ्याला कशाला हात लावायचा?" खरं काय ते कोणी सांगेल का?

थेंबवाला_डॉक्टर:
थांबू नका. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आणि २४ दाबावर वर्ष काढणं परवडणारं नाही.

भावाने वाचलंय ते खोटं नाही, पण ते अजून सशाच्या डोळ्यात आहे. लंडनच्या गटाने एमआरटीएफ-बी या जनुकाविरुद्धचा एसआयआरएनए (जनुक गप्प करणारा आरएनएचा छोटा तुकडा) चरबी आणि पेप्टाइडच्या सूक्ष्म कणांत भरून डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याखाली टोचला. सशांमध्ये ब्लेब, म्हणजे बाहेर आलेलं पाणी साठतं तो पडद्याखालचा फुगवटा, दुप्पट काळ टिकला (२०१८). सशाचा व्रण भराभर धरतो, त्यामुळे ते 'दुप्पट' दिवसांत मोजायचं, वर्षांत नाही.

माणसांत वापरून पाहिलेलं, याच्या जवळचं औषध म्हणजे म्युनिकच्या इसार्ना कंपनीचं आयएसटीएच००३६. ते व्रण धरवणाऱ्या टीजीएफ-बीटा-२ या प्रथिनाचा संदेश अडवतं. १२ रुग्णांना ट्रॅबच्या शेवटी डोळ्यात एकच इंजेक्शन दिलं. जास्त डोसवाल्यांचा दाब १० च्या खाली राहिला, पण जमलेल्या ट्रॅबनंतर तो तसाही राहतो! याच टीजीएफ-बीटा-२ विरुद्धची लर्डेलिम्युमॅब ही अँटिबॉडी मोठ्या चाचणीत प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली डोसपेक्षा) सरस ठरली नाही. तेव्हापासून मी जरा हात राखूनच बोलतो.

विट्याची_लेक:
जनुक गप्प करायचं म्हणजे कायमचं बंद? आई हे ऐकूनच घाबरलीय.

पिपेट_आणि_चहा:
नाही ताई. मी लॅबमध्ये आरएनएवरच काम करते. जनुक जागच्या जागी राहतं; प्रथिन बनवायची त्याची चिठ्ठी पेशीत वाटेतच फाडली जाते. नव्या चिठ्ठ्या निघतच राहतात, म्हणून परिणाम ओसरतो. इथे ते सोयीचंच, कारण व्रणाचा मुख्य जोर ऑपरेशननंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत असतो. अडतं ते पोचवण्यात. उघडा एसआयआरएनए शरीरातली एन्झाइम्स लगेच तोडतात आणि पेशीत तो आपणहून शिरत नाही. लंडनवाल्यांनी कणांचे वेगवेगळे प्रकार तपासले ते त्यासाठीच. यकृतातल्या पेशींत पोचणारं पॅटिसिरान हे एसआयआरएनएचं औषध २०१८ मध्ये मंजूर झालं. डोळ्यातल्या व्रणासाठी असं मंजूर औषध अजून नाही.

थेंबवाला_डॉक्टर:
आज हातात आहे ते मायटोमायसिन. ऑपरेशनच्या वेळीच लावतात. ते पेशींची वाढ सरसकट रोखतं, म्हणून कधी ब्लेब फार पातळ होतो, गळतो, जंतुसंसर्गाची भीती राहते. नवीन औषधाची ओढ आम्हालाही आहे ती त्यामुळे.

डाव्या डोळ्याच्या वेळी ते वापरलं होतं का, किती आणि किती मिनिटं, हे जुन्या ऑपरेशन नोट्समध्ये बघा. एका डोळ्यात व्रण जोरात धरला असेल, तर सर्जनला दुसऱ्याचा बेत वेगळा आखावा लागतो.

सोलापूरचे_काका:
पोरी, माझं ट्रॅब टिकलंय. ऑपरेशननंतर दिलेले स्टेरॉइडचे थेंब मनाने बंद करू नका आणि सुरुवातीच्या तपासण्या चुकवू नका. दाब वाढायला लागला तेव्हा माझा एक टाका लेसरने तोडला, पाणी पुन्हा वाहायला लागलं. महिन्याने गेलो असतो तर तेवढ्याने भागलं नसतं, असं डॉक्टरच म्हणाले.

विट्याची_लेक:
फाइल सापडली. मायटोमायसिनचा उल्लेखच नाही. सोमवारी घेऊन जाते, भावालाही सोबत नेते.