साखरेला बेनेडिक्ट टेस्ट निळीच का राहते?

अकरावी_जीव:
जर्नलसाठी बेनेडिक्ट टेस्ट (तांब्याच्या निळ्या द्रावणाने रिड्यूसिंग साखर ओळखायची चाचणी) करतोय. ग्लुकोजला विटकरी लाल आला, गुळाच्या पाण्याला नारिंगी, साखरेला निळाच. साखर नॉन-रिड्यूसिंग आहे, म्हणजे तांब्याला इलेक्ट्रॉन देत नाही, तेवढं कळलं. पण सौम्य एचसीएल (हायड्रोक्लोरिक आम्ल) घालून उकळल्यावर साखरेलाही रंग यायला हवा ना? ५% साखरेचं २ मिली द्रावण, १ मिली एचसीएल (२ मोलर), ५ मिनिटं उकळत्या पाण्यात, मग त्यातच २ मिली बेनेडिक्ट आणि परत ३ मिनिटं. बेनेडिक्ट ओतताना जोरात फसफसलं, शेवटी निळंच. आणि गूळ पण उसाचाच, मग त्याला रंग कसा?

परीक्षानळी:
फसफसलं तिथेच घोळ झाला. बेनेडिक्ट चालतं ते अल्कलीत. त्याच्या एका लिटरमध्ये १०० ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट असतं, म्हणजे तुझ्या २ मिलीत ०.२ ग्रॅम, जेमतेम १.९ मिलिमोल. नळीत आम्ल होतं २ मिलिमोल. कार्बोनेट त्या आम्लानेच खाल्लं. साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज झाली होती, पण ग्लुकोजने तांब्याला इलेक्ट्रॉन द्यायला लागणारी पुरेशी अल्कलीच उरली नाही. शिवाय आम्लात विटकरी क्युप्रस ऑक्साइड टिकतही नाही.

उकळून झाल्यावर नळी आधी थंड कर, गरम असताना सोडा टाकलास तर फेस बाहेर येईल. मग खायचा सोडा चिमूट-चिमूट टाकत जा, फसफस थांबेपर्यंत. हिशोबाने ०.१७ ग्रॅम पुरतो, थोडा जास्त पडला तरी बिघडत नाही. लिटमस निळा झाला की मगच बेनेडिक्ट. नळी मोठी घे आणि वॉटर बाथच वापर, थेट ज्योतीवर द्रावण उसळून अंगावर येतं.

सोबत दुसऱ्या नळीत आम्लाऐवजी पाणी घालून साखर तशीच उकळ. ती निळी राहिली तरच "आम्लाने फुटली" असं लिहिता येतं. जर्नलमध्ये हा कंट्रोल बहुतेक जण गाळतात.

साखळीबंध:
गुळाचं सांगतो. साखरेत ग्लुकोजचा पहिला कार्बन आणि फ्रुक्टोजचा दुसरा कार्बन एकमेकांना जोडलेले असतात. कडं उघडून मोकळा होऊ शकणारा कार्बन प्रत्येकात तोच एक, आणि दोघांचाही बंधात अडकला. दुधातल्या लॅक्टोजमध्ये ग्लुकोजचा तो कार्बन मोकळा राहतो, म्हणून तो डायसॅकराइड (दोन शर्करा जोडून बनलेला) असूनही रंग देतो.

तोडलेल्या उसातलं इन्व्हर्टेज (साखर फोडणारं एन्झाइम) आणि रस आटवताना त्यातलीच आम्लं थोडं सुक्रोज, म्हणजे साखरच, फोडतात. तयार झालेलं ग्लुकोज-फ्रुक्टोज गुळात तसंच राहतं. कारखान्यात साखरेचे दाणे वेगळे काढताना ते मळीबरोबर निघून जातं.

पण गुळाच्या रंगावरून "किती" ते ठरवू नकोस. एक तर त्याचा स्वतःचा तपकिरी रंग मधे येतो. दुसरं म्हणजे २ मिली बेनेडिक्टला २ मिली नमुना घेतला तर १% आणि ५% ग्लुकोज दोन्ही सारखेच लाल दिसतील, कारण तांबंच संपतं. तुलना करायची तर ५ मिली बेनेडिक्टला नमुन्याचे ८ थेंब.

अकरावी_जीव:
सोडा घालून केलं, लाल आला! पण फ्रुक्टोज तर कीटोन आहे, तो कसा रिड्यूस करतो?

साखळीबंध:
अल्कलीत त्याचं एनडायॉल (दुहेरी बंधाच्या दोन्ही कार्बनवर ओएच गट असलेलं रूप) होतं, त्यातून ग्लुकोज आणि मॅनोज (आणखी एक शर्करा) ही बनतात. तांब्याचं क्षपण (रिडक्शन) त्या एनडायॉलमुळेच होतं.

परीक्षानळी:
जमलं तर आता आम्लाशिवाय करून बघ. १० मिली कोमट पाण्यात अर्धा ग्रॅम ड्राय यीस्ट कालव. त्यातलं १ मिली ५% साखरेच्या २ मिलीत घाल आणि ४० अंशाला १० मिनिटं ठेव. यीस्टचं इन्व्हर्टेज पेशीच्या पटलाबाहेरच्या बाजूला असतं, त्यामुळे पेशी फोडायची गरज नाही. आम्लाला जे करायला १०० अंश लागले ते इथे कोमट पाण्यात होतं आणि सोड्याचीही भानगड नाही. कंट्रोल दोन हवेत: नुसतं यीस्ट, आणि १० मिनिटं उकळलेलं यीस्ट अधिक साखर. उकळलेल्याला लाल आला तर यीस्ट नीट उकळलंच नव्हतं.