मदत हवी आहे: नाशिकच्या उन्हाळ्यात घरच्या व्हाइट वाइनसाठी यीस्ट कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी दिंडोरीहून मामेभाऊ शेनिन ब्लांकचं (व्हाइट वाइनचं द्राक्ष) एक कॅरेट देणार आहे, साधारण २० किलो. त्याची बाग वायनरीशी कराराची आहे. तोडणी झाली की कडेच्या ओळींतले राहिलेले घड आमच्याकडे येतात. परवा त्याने मणी पिळून ब्रिक्स (रसातल्या साखरेचं टक्क्यांतलं माप) बघितला, २१ भरला. पूर्ण आंबलं तर साडेअकरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल मिळेल, रस १२ लिटर धरलाय.

मागच्या वर्षी घरच्या थॉमसन द्राक्षांची वाइन केली होती, बेकरीचं यीस्ट घालून. दोन दिवस बरणीच्या तोंडापर्यंत फेस, आणि तिसऱ्या दिवशी झाकण काढलं तर सडक्या अंड्यांचा भपकारा. मग एअरलॉकमधले (आतला वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झडप) बुडबुडेच थांबले, गोडवा मात्र तसाच. सगळं मोरीत ओतलं. वडिलांनी एकेक घड निवडून आणला होता, त्यामुळे फार वाईट वाटलं. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की भुरी रोगासाठी गंधक अगदी तोडणीच्या तोंडावर मारलं होतं. मण्यांवर राहिलेल्या गंधकापासून यीस्ट हायड्रोजन सल्फाइड बनवतं, तोच तो वास. नायट्रोजन कमी पडला तरी हेच होतं. त्यात खोली ३० अंशांवर. या वेळी शेवटचा फवारा कधीचा ते आधीच विचारून घेतलंय, महिना उलटून गेलाय.

आता यीस्टचं. लाल्विन ब्रँडचं ७१बी यीस्ट फळांचा वास छान देतं असं सगळे सांगतात, पण ते मॅलिक आम्लाचा (द्राक्षाला आंबटपणा देणारं आम्ल) काही भाग खातं. थंड देशातल्या आंबट द्राक्षाला ते वरदान. आपल्याकडे उन्हात पिकलेल्या मण्यात मॅलिक आधीच कमी, त्यामुळे वाइन अगदी सपक होईल अशी मला भीती वाटते. ईसी-१११८ हे यीस्ट सगळ्यात भरवशाचं, १८ टक्के अल्कोहोलपर्यंत टिकतं, पण स्वतःचा स्वाद काही देत नाही. शेनिनचा पेरूसारखा वास आहे तेवढा राहिला तरी चालेल का, हा प्रश्न आहे.

मन खरं डी४७ या यीस्टवर बसलंय. तोंडात भरीवपणा येतो म्हणे. अडचण एवढीच की ते २० अंशांच्या खाली ठेवावं लागतं, वर गेलं की घशाला जळजळणारी चव येते. म्हणून बरणीत नुसतं पाणी भरून चार दिवस प्रयोग केला. पाण्याच्या टबात बरणी, भोवती ओलं गोणपाट, समोर पंखा. खोलीत २८, बरणीत २२. टबात सकाळ-संध्याकाळ बर्फाच्या दोन बाटल्या टाकल्या की २०. पण ते पाणी होतं. रस आंबायला लागला की आतून तापतो, तेव्हा हे २० टिकेल असं वाटत नाही. के१-व्ही१११६ हे चौथं यीस्ट ३५ अंशांपर्यंत तग धरतं, मात्र त्याचा फुलांसारखा सुवास गारव्यातच खुलतो.

तर गोणपाट-बर्फावर ज्यांनी डी४७ चालवलंय त्यांनी सांगा, पहिल्या चार-पाच दिवसांत बरणीचं तापमान किती चढलं? दुपारी मी ऑफिसात असते, बाटल्या बदलायला कोणी नाही. अशा वेळी के१ च घ्यावं का? आणि यीस्टचं खाद्य एकदाच घालायचं की एक तृतीयांश साखर संपल्यावर दुसरा हप्ता? खाद्य म्हणून खाण्याच्या दर्जाचंच डीएपी (नायट्रोजन देणारा क्षार) आणलंय, शेतातलं १८:४६ खत नाही. साखर मोजायला हायड्रोमीटरही (रसात तरंगणारी, घनता दाखवणारी नळी) घेतलाय, कारण अल्कोहोल तयार झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून जाणारा प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर सांगणारं यंत्र) चुकीचा आकडा दाखवतो.

पाकीट कुरिअरने यायला तीन दिवस लागतात, म्हणून मंगळवारी रात्रीपर्यंत ऑर्डर टाकायची आहे.