मदत हवी आहे: फियाटचं स्टिअरिंग फार जड झालंय

नमस्कार मंडळी. वडिलांची १९७२ ची फियाट ११०० पावसाळाभर शेडमध्ये उभी होती. आता बाहेर काढली तर नाशिकच्या पंचवटीतल्या गल्लीत वळवताना खांदे भरून येतात. पॉवर स्टिअरिंग नाही, थोडं जड असणारच. पण वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळही येत नाही, ओढून आणावं लागतं.

टायरची हवा ठीक आहे. पुढची चाकं जॅकवर उचलली तरी जडच. मग टाय रॉड (स्टिअरिंगला चाकांशी जोडणारे दांडे) सोडवले: स्टिअरिंग एका बोटाने फिरतं, पण डावं चाक ढकलूनही वळत नाही. म्हणून माझा संशय किंगपिनवर, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं तिच्यावर. ग्रीस गन लावली तर उजवीकडून जुनं काळं ग्रीस बाहेर आलं, डावीकडे निपल (ग्रीस भरायचं तोंड) ग्रीसच घेत नाही. आमचे मिस्त्री मात्र म्हणतात, स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाची गिअरची पेटी) बदला. मला पटत नाही, बॉक्समध्ये तेलही पुरेसं आहे.

गंज सोडवणारं तेल सोडून पिन मोकळी होईल, की पिन आणि तिच्याभोवतीचे बुश बदलावेच लागतील? सातपूर-अंबडकडे बुश नीट रीम करून (आतून पिनेच्या मापाला कापून) देणारं कुणी आहे का? दिवाळीनंतर वडिलांना वणीच्या गडावर जायचंय, आणि त्यांना दुसरी गाडी चालत नाही!